उद्योगचरित्रे आणि जानेफळचा दुकानदार

मराठी सुशिक्षित घरांतील पुस्तकांच्या फळीवर संतचरित्रांच्या शेजारी उद्योजकांच्या चरित्रांस आता मानाची जागा मिळाली आहे. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला की घरातील एखादा वडीलधारा त्यास असले पुस्तक आवर्जून भेट देतो, आणि 'बघ, यांच्यापाशी काय होते?' असा प्रश्नही बरोबरीने देतो. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दरमहाच्या पगारास मोक्ष मानले, त्याने व्यापार व कारखानदारी यांकडे आदराने पाहावे ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. तरीपण ही चरित्रे आमच्याकडे ज्या रीतीने वाचली जातात, ती रीत आम्हांस निर्दोष वाटत नाही. त्या वाचनातून निघणारे तात्पर्य ठरलेले असते: गुण असले की साधने चालत येतात. या वाक्याची दुसरी बाजू कोणी उघडपणे बोलत नाही, पण मनात धरतो. ती अशी की, ज्याच्याकडे साधने आली नाहीत त्याच्यात गुणच नसले पाहिजेत. यशस्वी पुरुषाच्या स्तुतीतून अयशस्वी मनुष्यावर असा नकळत निकाल दिला जातो, आणि हा निकाल न्याय्य आहे की नाही हे तपासणे हे टीकाकाराचे काम आहे असे आम्ही समजतो.

या वाङ्मयप्रकाराचे एक मूळ सॅम्युएल स्माईल्स याच्या 'सेल्फ हेल्प' या १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात आहे. कारागीर व यंत्रज्ञ यांच्या आयुष्यातील कथा सांगून उद्योग, चिकाटी आणि काटकसर यांचा महिमा गाणारा हा ग्रंथ जगभर वाचला गेला. परंतु ज्या जेम्स वॅटच्या चिकाटीचे गोडवे गाण्यास शाळकरी मुलेही शिकतात, त्या वॅटचे वाफेचे यंत्र बाजारात उभे राहिले ते १७७५ साली मॅथ्यू बोल्टन या सधन कारखानदाराने त्याच्याशी भागी केल्यानंतर. वॅटचे नाव सर्वांच्या ओठी आहे; बोल्टनची थैली व त्याचे कुशल कारागीर मात्र कोणाच्या फारसे ध्यानात नाहीत. आमच्या मते उद्योगचरित्रांच्या वाचनातील मुख्य उणीव हीच आहे. नायक दिसतो, पण नायकावर यशाच्या आधी विश्वास टाकणारा मनुष्य दिसत नाही.

मराठीतील उदाहरण घ्यावयाचे तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच घेतले पाहिजे. त्यांचे पुतणे आणि 'किर्लोस्कर' मासिकाचे संपादक शंकरराव यांनी 'यांत्रिकाची यात्रा' हे त्यांचे चरित्र लिहिले आहे. त्यांच्या 'शंवाकीय' या आत्मचरित्रातही त्या घराण्याची व त्या काळाची ओळख होते. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग ओळखण्यात दृष्टी कमी पडते असे आढळल्यामुळे त्यांनी ती वाट सोडली, यांत्रिक रेखाटन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात निघालेले सायकलींचे दुकान, पुढे कडबा कापण्याची यंत्रे, १९०३ साली लोखंडी नांगर, आणि १९१० साली कुंडलरोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने व सापांनी भरलेल्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी, असा हा प्रवास आहे. तो कोणाही मराठी मनुष्यास अभिमान वाटावा असाच आहे.

आता हीच हकीकत एखाद्या हिशेबनिसाच्या डोळ्यांनी वाचून पाहावी. सायकलींच्या दुकानाचे आरंभीचे भांडवल कोठून आले? लक्ष्मणराव मुंबईस नोकरीत होते, आणि बेळगावची बाजू वडील बंधू रामुअण्णा सांभाळीत होते. म्हणजे एका भावाचा ठरलेला पगार आणि दुसऱ्या भावाचे श्रम ही दोन साधने पहिल्या दिवसापासून हाताशी होती. पुढे नांगर तयार झाला, परंतु लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले मोजके नांगर खपण्यासही दोनएक वर्षे लागली. या दोन वर्षांत कारखाना बंद का पडला नाही? कारण पोटापुरते देणारे दुसरे काम चालू होते. त्यानंतर नगरपालिकेच्या योजनेपायी बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला. होतकरू धंदा अशा एका धक्क्यानेच बहुधा आडवा होतो. येथे मात्र औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी ३२ एकर जमीन दिली आणि पैशाची सोयही केली. कारखान्याची कीर्ती व्हावयाची होती, नफ्याचे आकडे दाखवावयाचे होते. तरीही एका मनुष्याने दुसऱ्यावर भरवसा टाकला.

यात लक्ष्मणरावांचे कर्तृत्व उणे करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्या माळावर दुसऱ्या कोणास बसविले असते तर निवडुंगच उरला असता. बाळासाहेबांनी भरवसा टाकला तोही मनुष्य पारखूनच. आमचे म्हणणे इतकेच की, चिकाटीने टंचाईवर मात केली हे विधान अपुरे आहे. पगार, भाऊ, दुसऱ्या मालाचा खप आणि संकटकाळी मिळालेली पत या चार टेकूंवर उभी राहून चिकाटीने टंचाईवर मात केली, हे विधान पुरे आहे. अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर याने १९११ सालच्या आपल्या ग्रंथात उद्योजक आणि भांडवलदार ही दोन वेगळी माणसे आहेत असे बजावून सांगितले. नवी जुळणी करण्याची दृष्टी उद्योजकाची; ती जुळणी फळास येईपर्यंतचा धोका सोसणारी पत दुसऱ्याची. दोघांपैकी एक नसला तरी गाडा हलत नाही. आमच्या चरित्रवाचनात यांपैकी एकाचीच पूजा होते.

या पूजेवर उतारा म्हणून आम्ही वाचकांस एक कादंबरी सुचवितो. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली प्रसिद्ध झाली. वऱ्हाडी बोलीतील संवादांसाठी आणि दारिद्र्याच्या निर्भीड चित्रणासाठी ती वाखाणली गेली आहे. परंतु धंद्याची गोष्ट म्हणून ती कोणी वाचल्याचे आमच्या पाहण्यात नाही. वस्तुतः तीत धंदा आहे. कौतिकचा नवरा महादेव हा शिंपी. हातात कसब आहे, गावाला कपड्यांची गरज आहे, आणि घरात कौतिकसारखी बाई आहे. पहाटेपासून राबणे, पैपैचा हिशेब ठेवणे, अपमान गिळून पुन्हा उभे राहणे, मुलांच्या भवितव्यावर नजर ठेवणे, हे जे गुण उद्योगचरित्रांत मोठ्या अक्षरांत छापले जातात ते सर्व तिच्या अंगी आहेत. असे असता तिच्या हाती सुबत्ता येत नाही.

याचे उत्तर काही वाचक चटकन देतील की महादेव आळशी होता. तो आळशी आहे हे खरेच, आणि लेखकाने ते लपविलेले नाही. पण तेवढ्याने कोडे सुटत नाही. कौतिकने मिळविलेला रुपया रात्रीपर्यंतही घरात टिकत नाही, कारण सकाळी पोटात गेलेल्या भाकरीचे देणे संध्याकाळी फेडावे लागते. जो पैसा एक रात्रसुद्धा विसावत नाही त्याचे भांडवल होत नाही. त्यात महादेवास महारोग जडतो, आणि दुखणे म्हणजे अशा घरातील नगरपालिकेची नोटीस. बेळगावात तो धक्का बसला तेव्हा पाठीशी एक संस्थान उभे राहिले. कौतिकच्या पाठीशी कोणी नाही. तिला कोण कर्ज देणार होते? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली गोरवाला समितीकडून देशभर जी ग्रामीण पतपाहणी करविली, तीत शेतकऱ्यांच्या एकंदर कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास आढळला होता. बहुतेक भार सावकारावर होता. ज्याच्या नावे जमीन होती त्याची ही स्थिती, मग जिच्यापाशी तारण ठेवण्यास काहीच नाही तिची गोष्ट बोलावयास नको. किर्लोस्करांच्या चरित्रात आणि 'धग'मध्ये चिकाटी सारखीच आहे. फरक आहे तो पहिला धक्का कोणी झेलला यात.

हा विचार केवळ ग्रंथांपुरता राहू नये म्हणून आम्ही एका गावाचे उदाहरण घेतो. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात, मेहकरहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर जानेफळ हे गाव आहे. आसपासच्या खेड्यांतील माणसे येथे खरेदीस येतात. किराणा, कापड, शिवणकाम, पिठाची गिरणी, बी-बियाणे व औषधे, पंप आणि मोटारी दुरुस्त करणे, असले धंदे अशा गावांत चालतात. भोवतालची शेती बहुतांशी पावसावर अवलंबून. सोयाबीन, तूर, कापूस आणि हरभरा ही तिची पिके. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास. मृगापासून तोपर्यंत खर्च मात्र रोजचाच. ही पाच-सहा महिन्यांची दरी कोण भरून काढतो? पुष्कळ अंशी ती दुकानदाराची उधारीची वही भरून काढते.

ही दरी दुकानदारास किती महाग पडते हे साध्या हिशेबाने पाहू. समजा, एका किराणा दुकानदारापाशी एक लाख रुपये भांडवल आहे, ते महिन्यातून एकदा फिरते, आणि दर फेऱ्यास शेकडा ८ नफा सुटतो. सर्व व्यवहार रोखीचा असेल तर वर्षाचा ढोबळ नफा ९६,००० रुपये होईल. आता वर्षाच्या उत्तरार्धातील सहा महिने त्याचे ६०,००० रुपये उधारीत अडकले असे धरा. पहिल्या सहा महिन्यांचे ४८,०००. दुसऱ्या सहा महिन्यांत मोकळ्या राहिलेल्या ४०,००० वर १९,२००. आणि उधार दिलेल्या मालावर एकदाच सुटलेले ४,८००. मिळून ७२,००० रुपये. दुकानदार तोच, कष्ट तेच, गिऱ्हाईकही तेच. पण चौथाई नफा नाहीसा झाला. दुकानाचे भाडे, वीज आणि घरखर्च हे सर्व उरलेल्यातूनच भागावयाचे. हातात रोकड नसल्यामुळे घाऊक पेठेतून माल उधारीवर घ्यावा लागला तर तो चढ्या भावाने मिळतो, आणि नफ्याचे शेकडा ८ हेही ८ राहत नाहीत. एखाद्या वर्षी पाऊस फिरला तर नफा बाजूस राहून मुद्दलच येत नाही. अशा मनुष्यास 'धाडस कर, दुकान वाढव' असे सांगणे सोपे आहे. परंतु तो कोणत्या पैशावर धाडस करील? अंथरूण पाहून पाय पसरावे हेही आम्हीच त्यास शिकविले आहे. मग त्याने पाय आखडून घेतले तर त्यास भित्रा का म्हणावे?

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. एकाच गावात, एकाच रस्त्यावर, सारख्याच उधारीच्या बाजारात दोन दुकाने शेजारी शेजारी असतात. एक दहा वर्षांत दुप्पट होते, दुसरे जागच्या जागी राहते. हा फरक वर्तनाचाच नव्हे काय? आमचे उत्तर असे की पुष्कळदा होय. ज्याने दुकानाचा गल्ला व घराची पेटी वेगळी ठेवली, ज्याने कोणास किती उधार द्यावयाचे याची मर्यादा आधी ठरविली, ज्याने पहिल्या सुगीचा नफा लग्नकार्यात न घालता मालात घातला, तो पुढे गेला तर ते श्रेय त्याचेच. एडिथ पेनरोझ या विदुषीने १९५९ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की धंद्याच्या वाढीस केवळ पैसा अपुरा पडतो. चालविणाऱ्यांचे अनुभवजन्य ज्ञान आणि त्यांस नव्या कामासाठी मिळणारी सवड हीही तिची मर्यादा असते. एकहाती दुकान चालविणाऱ्यास ही सवडच नसते हे अनुभवी मनुष्यास सांगावयास नको. तेव्हा वर्तनाचे महत्त्व आम्हांस मान्य आहे. आम्ही हरकत घेतो ती दोन दुकानांची तुलना करताना त्यांच्या पाठीमागचे घर न पाहण्यास. एकाचा भाऊ शिक्षक आहे काय, दुसऱ्याच्या घरी अंथरुणास खिळलेली आई आहे काय, हे पाहिल्याशिवाय गुणांची मापे घेऊ नयेत. शिवाय टंचाई ही वर्तनाच्या बाहेर उभी राहत नाही, ती वर्तनच घडविते. एकदा बुडाल्यास पुन्हा उठता येणार नाही हे ज्यास ठाऊक आहे, त्याची सावधगिरी हा स्वभावदोष नसून शहाणपणा असतो.

मग अल्प साधनांच्या माणसास मार्गच नाही काय? आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या गिरगावात घडले. १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नावाने देशभर गेलेली संस्था ती हीच. ही कथाही आमच्या घरांत '८० रुपयांचे कोट्यवधी' अशा चमत्काराच्या सुरात सांगितली जाते. पण पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती, हा आकडा आम्हांस चमत्कारापेक्षा अधिक बोलका वाटतो. एवढ्या अल्प भांडवलातून ही विक्री झाली, याचे कारण पैसा अडकून पडत नव्हता. माल आज लाटावयाचा, लवकर विकावयाचा आणि आलेल्या पैशातून पुन्हा पीठ घ्यावयाचे. आमच्या किराणा दुकानदाराच्या लाखास जे साधत नाही ते येथे ८० रुपयांस साधले. ते पैसे उसने देणारे छगनलाल करमसी पारेख यांनी केवळ रक्कम दिली असे नाही. स्वस्त विकण्यासाठी हलक्या प्रतीचा माल काढू नये, एकच उत्तम प्रत ठेवावी, हा सल्लाही त्यांनी दिला. माल घेणारा भुलेश्वरचा ओळखीचा व्यापारी होता. म्हणजे येथेही विश्वास टाकणारा मनुष्य आहेच, आणि त्या विश्वासास पात्र ठरणारे कडक नियमही आहेत. वर्तन आणि साधन यांचा खरा संबंध या गच्चीवर जितका स्वच्छ दिसतो तितका मोठ्या कारखान्याच्या कथेत दिसत नाही. साधन थोडे असेल तर ते लवकर फिरविण्याची शिस्त हे वर्तनाचे काम. आणि ती शिस्त लागेपर्यंत कोणीतरी थांबावे, हे समाजाचे.

वऱ्हाडात आज पतीची साधने कौतिकच्या काळाइतकी दुर्मिळ नाहीत. १९८६ साली बुलढाण्यास निघालेली 'बुलढाणा अर्बन' ही पतसंस्था कोठल्या कोठे पोचली आहे. गोदामात ठेवलेल्या धान्याच्या तारणावर कर्ज देण्याची तिची पद्धत तर या प्रदेशाच्या हंगामास साजेशी आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत छोट्या धंद्यास तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि तिच्या 'शिशु' या पहिल्या पायरीवर ५०,००० रुपयांपर्यंतची सोय आहे. हा फरक मोठा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु ज्या पेठेत गिऱ्हाईक वर्षातून एकदा पैसे देते, तेथे दुकानदाराने दरमहा हप्ता द्यावा अशी कर्जाची घडण असेल, तर ते कर्ज त्याच्या धंद्याचे न राहता दुसऱ्या कोणत्या तरी गावाचे होते. शिंप्याचा हंगाम लग्नसराईचा व दिवाळीचा, पंपदुरुस्तीचा हंगाम रब्बीचा, किराण्याचा वसुलीचा हंगाम सोयाबीनचा. पत देणाऱ्याने हे पंचांग पाहिले पाहिजे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे मोठेपण त्यांनी पैसा दिला यात जितके आहे, तितकेच दिलेल्या माळावर पीक येण्यास वेळ लागेल हे ओळखण्यात आहे.

उद्योगचरित्रे लिहिणाऱ्यांस म्हणून आमची एक विनंती आहे. नायकाच्या प्रत्येक यशाशेजारी त्या वेळी तो कोणाचा किती देणेकरी होता, घर कोणाच्या कमाईवर चालले होते, आणि फसलेल्या प्रयोगाचा खर्च कोणी सोसला, हेही लिहावे. तसे केल्याने नायक खुजा होणार नाही. उलट त्याने मिळालेल्या विश्वासाचे काय केले हे दिसून तो अधिक विश्वसनीय वाटेल. वाचकाचेही एक कर्तव्य आहे, आणि ते विशेषतः आमच्यासारख्या पगारदार वर्गाचे आहे. शेतकऱ्यास पैसा नसतो म्हणून तो उधार नेतो. आमच्या हाती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसा असूनही वाण्याचे बिल आम्ही पुढच्या महिन्यावर ढकलतो, शिंप्याची शिलाई सणानंतर देतो, आणि मग संध्याकाळी मराठी माणूस धंद्यात मागे का यावर चर्चा करतो. वर मांडलेल्या हिशेबातील ६०,००० रुपयांत आमचाही काही भाग असतो.

फळीवर किर्लोस्करांच्या चरित्राशेजारी 'धग' ठेवावी असे आम्हांस वाटते. मुलाच्या हाती पहिले पुस्तक द्यावे, त्याचे वाचून झाले की दुसरे द्यावे, आणि मग त्यास विचारावे की या दोघांत अधिक कष्टाळू कोण. या प्रश्नाचे उत्तर त्यास चटकन देता आले नाही, तर त्याचे वाचन चांगले झाले असे समजण्यास हरकत नाही. असा मुलगा उद्या जानेफळसारख्या गावात दुकान मांडो किंवा एखाद्या बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यास बसो, समोरच्या मनुष्याच्या गुणांचा निवाडा करण्याआधी तो त्याच्या उधारीची वही पाहील.